खड्ड्याला पाजलेलं पाणी

“माणूस कधी येणार?” हा प्रश्न मी जालना जिल्ह्यातल्या निम्म्या दुकानांत, शाळांत आणि कचेऱ्यांत ऐकलेला आहे. खांद्यावर केबलचं वेटोळं, हातात हत्यारांची पिशवी घेऊन मी दारात उभी आणि समोरचा गृहस्थ माझ्या मागे रस्त्याकडे बघतोय. मी म्हणायचे, “माणूस आलंय. शिडी तेवढी द्या.” मग चहा यायचा, शिडी धरायला दोघे धावायचे आणि मी आता पडतेच अशा तयारीने कुणीतरी शेवटपर्यंत खाली उभं राहायचं. मी कधी पडले नाही, त्यामुळे बऱ्याच जणांची निराशा झाली असेल.

मी रत्नमाला वाघमारे, भोकरदनची. आयटीआयमधून इलेक्ट्रिशियन झाले तेव्हा वर्गात मी एकटीच मुलगी होते. पुढे कचेऱ्यांमध्ये संगणक आले आणि ते एकमेकांना जोडायचं काम आलं. विजेच्या तारांवरून मी या बारीक तारांवर आले आणि तिथेच रमले. आता गुडघे शिडीला नाही म्हणतात. म्हणून बसल्या बसल्या हे लिहिते आहे.

माझं काम सांगायला सोपं आहे. भिंतीतून, छतावरून तारा आणायच्या आणि एका पेटीत खोचायच्या. त्या पेटीला स्विच म्हणतात. पंख्याच्या बटणाशी तिचा संबंध नाही. पत्र्याची चपटी पेटी, तोंडावर चौकोनी भोकांची ओळ आणि प्रत्येक भोकात एका यंत्राची तार. याने पाठवलेलं नेमकं त्याला पोचवायचं, मधल्या कुणाच्या कानावर जाऊ द्यायचं नाही, एवढंच ती पेटी करते. आमच्या गल्लीत इतकं तोंड सांभाळणारं कुणी नाही.

तारेच्या आत आठ बारीक तारा असतात, दोन-दोनचे पीळ घातलेल्या. रंगांच्या ठरलेल्या क्रमाने त्या लावायच्या, टोकाला प्लास्टिकचं टोपण दाबून बसवायचं आणि ते भोकात सारायचं. ‘टक्’ असा आवाज आला की बसलं. क्षणभराने बाजूला हिरवा दिवा लुकलुकतो. तो दिवा हजारदा पाहिला, तरी दरवेळी हातचं काम सोडून मी त्याच्याकडे बघत बसते. दोन निर्जीव टोकं एकमेकांना ओळखतात आणि बोलायला लागतात, याची सवय मला कधी झालीच नाही.

गिऱ्हाइकं मात्र एकेक नमुने भेटली. वाटूरच्या फाट्यावर एका दुकानदाराने स्विचला लिंबू-मिरची बांधली होती, तीही आतल्या पंख्याच्या जाळीवर, म्हणजे गरम हवा बाहेर पडायलाच जागा नाही. भोकरदनच्या एका मुख्याध्यापकांनी नव्या स्विचसमोर नारळ फोडला आणि भक्तिभावाने पाणी शिंपडायला ओंजळ उचलली. मी मध्ये हात घातला नसता तर उद्घाटन आणि विसर्जन एकाच मुहूर्तावर झालं असतं. “सर, पूजा दाराची करा, आतल्याला बाहेरूनच नमस्कार,” असं मी म्हटलं. ते हसले आणि पेटीच्या कपाटाला हार घातला.

पाण्याचा धोका सगळ्यांना कळतो. दुसरा एक धोका मात्र दिसत नाही, आणि मला लिहायचं आहे ते त्याच्याबद्दल.

कोरड्या हवेत अंगावरची नायलॉनची साडी सोडताना चटचट आवाज येतो, हातावरचे केस उभे राहतात. अंधार असेल तर बारीक निळ्या ठिणग्याही दिसतात. कुठल्याही बाईला हे सांगावं लागत नाही. ती वीजच असते, घासण्यातून जमलेली. आपल्याला ती नुसती चावते. स्विचच्या आतली कारागिरी मात्र इतकी नाजूक असते, की तेवढ्या ठिणगीने तिचा जीव जातो. आणि अशी वीज फक्त साडीत जमत नाही. लांबलचक केबल प्लास्टिकच्या पाईपमधून ओढली, कोरड्या फरशीवरून फरपटत नेली, की ती केबलच्या अंगातही जमते आणि वाट बघत बसते. तिचं टोक तुम्ही थेट स्विचमध्ये खोचलं, की साठलेलं सगळं आत उतरतं. धूर नाही, वास नाही. भोक मेलेलं असतं, किंवा त्याहून वाईट म्हणजे अर्धमेलं असतं आणि आठवड्याने मरतं.

म्हणून कामावर मी कायम सुती साडी नेसले, आणि एक नियम पाळला. केबलचं टोक आधी जमिनीला भेटवायचं, मग स्विचला. जमिनीला म्हणजे कपाटाच्या उघड्या लोखंडाला. त्या लोखंडापासून एक जाड तार निघते आणि इमारतीच्या मागे पुरलेल्या पत्र्यापर्यंत जाते. तिला अर्थिंग म्हणतात. पुरुषभर खोल खड्डा, त्यात तो पत्रा, भोवती कोळसा आणि मीठ, वरून पाणी ओतायला नळीचं तोंड. नको असलेली वीज तिथून मातीत जाते आणि माती ती घेते. किती घेते, कुठे ठेवते, कुणी विचारत नाही.

टेंभुर्णीच्या पुढे एका गावाच्या टोकाला बायका-मुलांचा छोटा दवाखाना आहे. तो चालवतात डॉक्टर अर्चनाताई. मोठ्या शहरात शिकून त्या आपल्या मुलखात परत आल्या. तान्ह्या बाळांची हृदयं तपासायचं यंत्र त्यांनी मिळवलं, आणि संभाजीनगरचे एक हृदयाचे डॉक्टर पडद्यावरून पाहून सल्ला द्यायला तयार झाले. अर्चनाताईंनी यंत्राचा डोळा बाळाच्या छातीवर फिरवायचा आणि तिकडून त्यांनी हलतं चित्र बघून सांगायचं, अशी ती व्यवस्था. दवाखाना खोलगट जागेत असल्याने मोबाईलवर ते चित्र तुकड्या-तुकड्यांत पोचायचं. म्हणून तारेची जोडणी करून घेतली. पण बाहेरून आलेल्या कंत्राटदाराने बसवलेला स्विच थोड्याच दिवसांत गेला. दुसरा बसवला, तोही गेला. दोन्ही वेळा ते डॉक्टर पडद्यासमोर वेळ काढून बसले आणि इकडे अंधार. तेव्हा कुणीतरी माझं नाव सांगितलं.

मी नवा स्विच घेऊन पोचले तेव्हा भर एप्रिलची दुपार होती. अर्चनाताई ओसरीवरच भेटल्या.

“रत्नाताई, आज हे लागलंच पाहिजे,” त्या म्हणाल्या. “आत एक बाळ आहे, मुलगी. दूध ओढताना दमते, ओठ निळे पडतात. फुफ्फुसाचं आहे की हृदयाचं, हे मला नक्की ठरवता येईना. दोन्हीची औषधं वेगळी. अँब्युलन्स बोलावली आहे, पण दोन तासांचा रस्ता. चुकीचं औषध देऊन निघाले तर ती पोचायची नाही. सर आज पडद्यावर यायला तयार आहेत.”

मी म्हटलं, “स्विच लगेच लावते. पण आधीचे दोन का मेले, हे कळल्याशिवाय तिसरा लावला तर तोही मरेल. तेवढा वेळ द्या.”

“किती?”

“तेच सांगता येत नाही,” मी म्हणाले. त्या बाळाकडे आत गेल्या.

आधी मला उष्णतेचा संशय आला, पण कपाटाच्या खोलीला झरोके होते. मग पालींचा, पण पाल कुठे दिसेना. केबल मात्र पाहिली आणि चपापले. छतावरून प्लास्टिकच्या पाईपमधून लांबवर ओढलेली, नंतर कोरड्या ठणठणीत फरशीवर वेटोळं करून टाकलेली. हवा इतकी कोरडी, की माझी वेणीसुद्धा पदराला चिकटत होती. म्हणजे केबल भरलेली असणार. ठीक आहे, तिला कपाटाला भेटवू. पण कपाटाचं जमिनीशी नातं आहे का?

ते पाहायची माझी जुनी रीत आहे. पिवळ्या दिव्याच्या होल्डरची एक तार विजेला, दुसरी अर्थिंगला. जमीन नीट घेत असेल तर दिवा लख्ख पेटतो. (हे कुणी घरी करून बघू नका, जिवाशी खेळ आहे.) मी दिवा लावला. आतली तार विझत आलेल्या उदबत्तीएवढी लाल झाली, बस. जमीन काहीच घ्यायला तयार नव्हती. असल्या कपाटाच्या भरवशावर ठेवलेला स्विच म्हणजे उघड्यावर ठेवलेलं बाळच.

मी मागे धावले. दवाखान्यातल्या कामाच्या कोंडाबाई माझ्या मागोमाग आल्या. खड्ड्याचं सिमेंटचं झाकण मला लांबूनच ओळखू आलं, कारण त्यावर ताजं हळदकुंकू होतं आणि एक जास्वंदीचं फूल.

“हे कुणी वाहिलं?”

“मीच,” कोंडाबाई म्हणाल्या. “दवाखाना बांधला तवा मिस्तरी सांगून गेल्ता, हितं रोज बादलीभर पाणी टाकत जा, चुकवू नको. म्हन्लं, रोज पाणी लागतंय म्हंजी देवच असल कुठला तरी. मंग मी आपलं हळदकुंकू बी लावून राह्यले.”

“अन् पाणी? पाणी टाकता का अजून?”

त्यांचा चेहरा उतरला. “न्हाई ओ ताई. टँकर सुरू झाला तवापासून बंद केलं. डॉक्टरीणबाईलाच इचारलं व्हतं. त्या म्हन्ल्या, बाळंतिणीला पाणी पुरंना, देव समजून घेईल. हळदकुंकू तेवढं चालू ठेवलं.”

मला हसू आलं. यात चूक कुणाची? तहानलेल्या बाईच्या तोंडचं पाणी खड्ड्यात ओता, असं कुठली डॉक्टर म्हणेल? तो मिस्त्री ‘का’ सांगून गेला नाही, एवढंच. झाकण उचलून हात घातला तर आत कोरडी माती भाजल्यासारखी होती. पत्र्यापासून वर आलेल्या पट्टीच्या जोडावर पांढरा क्षार साठलेला. मी तो जोड पॉलिश पेपरने घासून चकचकीत केला आणि पक्का आवळला. मीठ-कोळसा होताच. फक्त पाणी हवं होतं, आणि तेच नव्हतं. टँकर अजून आला नव्हता. पिंपात होतं ते प्रसूतिगृहाचं.

“पाणी लागंल?” मागून आवाज आला. बाळाची आजी ओसरीच्या खांबाला टेकून आमचं बोलणं ऐकत होती. सुनेसाठी, लेकासाठी गावाहून पाण्याचा कॅन भरून आणला होता, तो तिच्या पायाशी होता. “तुमच्या खड्ड्याला पाणी पाजलं तर माझ्या नातीचं काळीज दिसल का तिकडल्या डॉक्टरला?”

असा प्रश्न मला आयुष्यात कुणी विचारला नव्हता. हो म्हणायचा मोह झाला. पण नुसता दिलासा देऊन मी उठले असते आणि पुढे तसं घडलं नसतं, तर ती बाई जन्मभर मला शिव्या देत बसली असती.

“मावशी, काळीज कसं आहे ते मला न्हाई सांगता येत. पण पाणी पडलं तर पेटी मरणार न्हाई. अन् पेटी जिती राहिली तर डॉक्टरला दिसल, हे मी सांगते.”

तिने कॅन दोन्ही हातांनी उचलला आणि नळीच्या तोंडाशी तिरपा केला. पाणी आत उतरताना जमिनीतून फसफस आवाज आला, वाफ आल्यासारखा मातीचा वास आला. कोंडाबाई आत पळाल्या आणि फडकी पिळलेलं पाणी घेऊन आल्या. ओसरीवरच्या इतर बायकांनी काय चाललंय ते एकमेकींना सांगितलं. कुणी तांदूळ धुतलेलं आणलं, कुणी बाळाची दुपटी खंगाळलेलं. घाण पाणी चालतं का, असं एकीने विचारलं. मी म्हटलं, मातीला सगळं चालतं.

मी आत येऊन पुन्हा दिवा लावला. लाल तार पिवळी झाली. बघता बघता उजेड वाढत गेला. मी दिव्याकडे बघत राहिले आणि कोंडाबाई खोलीच्या दारातून बघत राहिल्या. शेवटी तो असा लख्ख पेटला, की कपाटाच्या मागच्या भिंतीवर आमच्या दोघींच्या सावल्या उमटल्या. मी वीस-पंचवीस वर्षं अर्थिंग, अर्थिंग म्हणत होते. पण तांदळाच्या धुवणाने आणि दुपट्यांच्या पाण्याने जमीन जागी होताना मी पहिल्यांदा बघितली.

मग केबल. मी टोक हातात घेतलं, बोटं लागणार नाहीत असं प्लास्टिकला धरून, आणि त्याचे पितळी दात कपाटाच्या लोखंडाला हळूच टेकवले. चट्! बारीक निळी ठिणगी उडाली.

“अगं बाई! चावली की!” कोंडाबाई ओरडल्या.

“चावू द्या. जमिनीला चावली, पेटीला न्हाई.”

याच ठिणगीने आधीचे दोन स्विच मेले होते, असं माझं पक्कं मत आहे. पुन्हा टेकवलं, आवाज नाही. तिसऱ्यांदा टेकवलं, आवाज नाही. एकेक केबल अशी निवांत केली आणि मग स्विचमध्ये सारली. टक्. टक्. टक्. एक हिरवा दिवा लुकलुकला, मग त्याच्या शेजारचा, मग सगळी ओळ. मी हाक मारली, “ताई, लावा!”

अर्चनाताईंच्या खोलीत मी दाराशीच थांबले. माझं काम तिथे संपलं होतं, पण पाय निघेनात. टेबलावर ते बाळ, ओंजळीत मावेल एवढं. पडद्यावर संभाजीनगरच्या डॉक्टरांचा चेहरा आणि शेजारी काळ्या-करड्या चित्रात काहीतरी मुठीसारखं उघडत-मिटत होतं. यंत्रातून आवाज येत होता, धावत्या पावलांसारखा, घाईघाईचा. माझ्या तारेतून तो आवाज जात होता. ज्या तारा मी दाबल्या, घासल्या, टेकवल्या, त्यांच्यातून एका मुलीचं काळीज दोन तासांच्या रस्त्यापलीकडे क्षणात पोचत होतं आणि तिथला माणूस म्हणत होता, “मॅडम, थोडं डावीकडे. थांबा. हं, इथे थांबा.”

सगळे थांबलो. आजीने माझा दंड धरला होता आणि तिची नखं रुतत होती.

“हृदयाचंच आहे,” ते म्हणाले. “फुफ्फुसाचं औषध देऊ नका. मी सांगतो ते सुरू करा आणि ते चालू ठेवूनच इकडे पाठवा. मी तयारीत आहे. अगदी वेळेवर दिसलं.”

आजीने मला हळूच विचारलं, “दिसलं म्हन्ले ना?” मी म्हटलं, “दिसलं, मावशी.” ती मटकन खाली बसली आणि पदरात तोंड घालून रडली. अँब्युलन्स निघाली तेव्हा तिच्या हातात रिकामा कॅन तसाच होता. तो ठेवून द्यायचं तिला सुचलं नव्हतं.

मी त्या दिवशी घरी गेले नाही. अर्चनाताईंना सांगितलं, रोज बादलीभर पाणी मागणारी गोष्ट या भागात टिकायची नाही. तपासणीच्या खोलीत हात धुवायचं बेसिन होतं, त्याचं पाणी गटारात जात होतं. प्लंबर बोलावून त्याची नळी मी खड्ड्याकडे वळवून घेतली. आता दवाखान्यात कुणीही हात धुतले की जमीन आपोआप पाणी पिते. त्यासाठी कुणी लक्षात ठेवायची गरज उरली नाही. कोंडाबाईंना मी खड्ड्यात काय आहे, पाणी कशाला लागतं, सगळं समजावलं. त्यांनी मन लावून ऐकलं, मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी हळदकुंकू वाहिलं. खरं सांगायचं तर, त्या दिव्याचा उजेड पाहिल्यापासून मलाही ते चुकीचं वाटत नाही.

एक खंत आहे. आताच्या गिऱ्हाइकांना वाटतं सगळं हवेतूनच चालतं. तार कशाला, खड्डा कशाला, असं विचारतात. एका कचेरीत तर अंगण सुंदर करायच्या नादात खड्ड्यावर फरशी बसवून टाकली. मी तळमळून सांगितलं, तर साहेब म्हणाले, मॅडम, तुम्ही फार जुन्या गोष्टी करता. असेल. पण हवेतून येणारंसुद्धा शेवटी कुठल्यातरी पेटीत येतं, पेटीला तार असते आणि तारेला माती लागते. याच्याशिवाय चालणारं काही मी अजून पाहिलेलं नाही.

मध्यंतरी त्याच दवाखान्यात गेले. स्विच जुना झाला होता, बदलायचा होता, आणि शिडी लागणार नव्हती म्हणून मीच गेले. तिसरा स्विच म्हातारा होऊन निवृत्त होतोय, याचं मला फार समाधान वाटलं. तपासणीच्या खोलीत एक आजी बसली होती. तिने मला ओळखलं, मी जरा उशिरा ओळखलं. तिच्याबरोबर शाळेच्या गणवेशातली एक मुलगी होती. नाव आरोही. गणवेशाच्या गळ्यातून छातीवरच्या जुन्या टाक्यांची रेघ थोडीशी दिसत होती. वर्षातून एकदा तिचं हृदय तारेवरून संभाजीनगरला जाऊन येतं, बाकी वर्षभर ते गावात हुंदडतं.

तपासून झाल्यावर छातीवरचा चिकट लेप पुसताना हातांना लागला, तो धुवायला आरोही बेसिनपाशी स्टुलावर चढली. साबणाचा फेस करून ती नळाखाली हात धरून बसली, काही केल्या नळ बंद करीना. बाहेर पुन्हा टँकरचे दिवस सुरू झाले होते. कोंडाबाई सवयीने ओरडल्या, “अगं ए पोरी, बंद कर! पाणी कुठं आलंय एवढं?”

आजी जागची हलली नाही.

“धू दे तिला,” ती म्हणाली. “त्या खड्ड्याचं तिच्यावर देणं हाय. पाणी तिथंच जाऊन राह्यलं ना.”

आरोहीने आजीकडे पाहिलं आणि नळ आणखी थोडा सोडला.